त्याच्या मुलीला काय सांगू?

प्रश्न : मी ५३ वर्षांचा आहे. डोंबिवलीत राहतो, एका सहकारी बँकेत नोकरी करतो. लहानपण मात्र कुलाब्यात, कोळीवाड्याला लागून असलेल्या चाळीत गेलं. नव्वदच्या दशकात मी तिथल्या एका छोट्या क्लबकडून रग्बी खेळायचो. आमच्यात कोळ्यांची मुलं होती, गोदीत काम करणाऱ्यांची होती, दोन पारशी होते. मी तीन नंबरचा प्रॉप, म्हणजे पुढच्या रांगेत रेटा देणारा. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, डोंबिवलीला आलो आणि खेळ सुटला. काही वर्षांनी क्लबही बंद पडला.

स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ जण एकमेकांत अडकून बॉलसाठी रेटतात तेव्हा, माझ्या शेजारी मधोमध जो हुकर असायचा तो यंदा चैत्रात गेला. हार्ट अटॅक. बाराव्याला गेलो तेव्हा त्याच्या मुलीने विचारलं, "काका, तुमची आणि बाबांची ओळख कुठली?" बाबा रग्बी खेळायचे एवढंच तिने ऐकलं होतं. मला काही सुचेचना. "जुने मित्र," एवढं म्हणून निघालो. ते अजून डाचतंय.

घरी हा विषय काढला की बायको म्हणते, "झालं सुरू!" मुलगा चोवीस वर्षांचा. त्याने २०२५ च्या जूनमध्ये रग्बी प्रीमियर लीगचे सामने पाहिले आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही हे खेळायचात? तुमच्यासारखा तर यात एकही दिसत नाही." जुन्या मित्रांच्या ग्रुपवर वेगळंच. पलटणीच्या संघाला आम्ही ९२ की ९३ च्या पावसाळ्यात हरवलं, तो सामना ९–६ असा मला स्वच्छ आठवतो. कडेने धावणारा आमचा विंगर कोपऱ्यात झेपावला ते अजून डोळ्यांसमोर आहे. आमचा फुलबॅक छातीठोकपणे सांगतो की १०–६. त्यावरून इतकं वाजलं की दोघंजण ग्रुप सोडून गेले.

आता जुलैत सगळ्यांनी जमून एक सामना खेळायचा घाट घातलाय. क्लबचे थोडे पैसे जुन्या खजिनदाराकडे पडून आहेत, ते त्या दिवशीच्या पार्टीत संपवायचे म्हणतात. माझ्या खेळण्याला बायकोचा साफ विरोध आहे. मी जुन्या आठवणींतच अडकून पडलोय का? खेळायला जाऊ का? आणि त्या मुलीला काय सांगू?

उत्तर : नमस्कार.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही शेवटी टाकलात. मी तोच आधी घेते. जुलैचा सामना जुलैत होईल, ग्रुपवरचं भांडण मिटायचं तेव्हा मिटेल. पण नुकतेच वडील गेलेली मुलगी जेव्हा विचारते की तुमची ओळख कुठली, तेव्हा आपल्याला माहीत नसलेले बाबा अजून कोणाकडे तरी आहेत का, हे ती चाचपत असते. तुमच्याकडे ते आहेत. बाराव्याच्या गर्दीत, पंगत उठता-बसताना, तुम्हाला सुचलं नाही यात नवल काहीच नाही. आता फोन करा आणि एखाद्या रविवारी दुपारी घरी जा.

काय सांगायचं ते तुम्हाला माहीत आहे, पण ते इतकं अंगवळणी पडलेलं आहे की सांगण्यासारखं वाटत नसावं. म्हणून मी बाहेरच्या माणसाच्या नजरेने मांडून दाखवते. तुम्ही तीन नंबर, तो दोन नंबर. स्क्रम लागला की त्याचा उजवा हात तुमच्या पाठीवर, डावा हात एक नंबरच्या पाठीवर. दोन्ही हात अडकलेले. खाली कोसळलं तर टेकायला एकही हात मोकळा नाही. समोरून आठ जणांचा रेटा, पाठीमागून आपल्याच माणसांचा. आणि अशात बॉल आत आला की त्याला एक पाय उचलून तो टाचेने मागे ओढायचा. म्हणजे सोळा माणसांच्या त्या गुंत्यात मधोमध एक जण एका पायावर उभा, आणि त्याचा सगळा तोल दोन बाजूंच्या दोन प्रॉपच्या भरवशावर. पंधरा जागांमध्ये दुसऱ्यावर इतकं विसंबून राहायला लावणारी दुसरी जागा नाही. पावसाळ्यामागून पावसाळे हा माणूस आपली मान तुमच्या भरवशावर टाकत होता. त्याच्या मुलीला हे ठाऊक नाही. तिच्या आईलाही बहुधा नसेल, कारण हुकर घरी जाऊन असलं काही सांगत बसत नाही.

एवढं एक जरी तुम्ही तिला नीट समजावून सांगितलंत, तरी "जुने मित्र" या दोन शब्दांची भरपाई होईल. बसल्या जागी दाखवा. दोघं एकमेकांना कसे धरायचात ते तिच्या भावाला किंवा काकाला शेजारी उभं करून दाखवा. तोंडी वर्णनापेक्षा ते तिला लवकर कळेल.

मग बारीकसारीक गोष्टी. जायच्या आधी एका कागदावर लिहून काढा, कारण तिथे गेल्यावर गळा दाटला की सगळं पुसलं जातं. स्क्रममध्ये बॉल टाकणाऱ्या स्क्रम-हाफला तो आधी इशारा कसा द्यायचा? बोटं हलवून, की तुमच्या पाठीवर थाप मारून? जर्सी मुठीत धरायचा की खांद्याखालून पंजा रोवायचा? लाइनआउटला, म्हणजे रेषेबाहेर गेलेला बॉल परत आत फेकताना, तोच फेकत असणार. तो सराव कुठे करायचा, भिंतीवर खूण करून की विजेच्या खांबावर नेम धरून? पावसात बॉल साबणासारखा निसटतो, तेव्हा हात कशाला पुसायचा? सामन्याआधी काय खायचा, काय खायचा नाही? हरल्यावर गप्प बसायचा की बडबडायचा? चिडला की कोणत्या भाषेत शिव्या घालायचा? शिव्या तिला सांगू नका, पण भाषा सांगा. या प्रश्नांची उत्तरं जगात आता फार तर चौदा माणसांकडे आहेत आणि त्यातली बरीचशी फक्त तुमच्याकडे.

दोन गोष्टी टाळा. दुखापतींपासून सुरुवात करू नका. स्क्रममध्ये मान आखडल्याच्या, दात हलल्याच्या गोष्टी खेळणाऱ्यांना रंगवून सांगायला आवडतात, पण हार्ट अटॅकने वडील गमावलेल्या मुलीला त्यात "तेव्हापासूनच काहीतरी असेल का?" असा भुंगा लागू शकतो. आणि त्याला हिरो करू नका. तो चुकायचा, तेही सांगा. त्याचा थ्रो वाकडा जायचा, तो उशिरा यायचा, जे काही असेल ते. गेलेल्या माणसाबद्दल सगळे गोड बोलतात. तिचे दिवस सध्या तशाच बोलण्यात चाललेत, त्यातून तिला बाबा सापडत नाहीत.

जर्सीवरचा लाल चिखल घरी कोण धूत होतं, हेही विचारा. त्याची आई हयात असेल तर त्या एका प्रश्नावर ती तासभर बोलेल.

आता एक गोष्ट सांगते, ती जरा लागेल, पण तुम्ही समजून घ्याल असं तुमच्या पत्रावरून वाटतं. तुम्ही लिहिलंय की विंगर कोपऱ्यात झेपावला ते अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्ही प्रॉप होतात. तो ट्राय, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे बॉल टेकवणं, स्क्रममधून बॉल निघून झाला असेल, तर त्या वेळी तुमचं डोकं समोरच्या दोघांच्या खांद्यांमध्ये अडकलेलं होतं. तुम्हाला दिसत होता चिखल, पाय, फार तर बॉलची एखादी झलक. बॉल मागे गेला, बाहेर पडला, हाताहातातून विंगरपर्यंत पोचला; तुम्ही डोकं सोडवून, वळून, धावायला लागेपर्यंत तिकडे शिट्टी झाली असणार. तो ट्राय तुम्ही बहुधा पाहिलेला नाही. तो तुम्ही ऐकलाय, आधी मैदानावरच्या ओरड्यातून आणि नंतर वर्षानुवर्षं मित्रांच्या तोंडून. इतक्यांदा ऐकलात की तो तुमच्या डोळ्यांसमोर उभा राहिला.

यात खोटेपणा अजिबात नाही. आठवण अशीच घडते. दर वेळी काढताना आपण ती नव्याने जुळवतो आणि दुसऱ्याने सांगितलेलं त्यात मिसळून जातं. पण रग्बीत हे जास्तच होतं, कारण या खेळात सगळा सामना पाहणारा खेळाडूच नसतो. स्क्रममधल्या आठांना बाहेरचं दिसत नाही, बाहेरच्या सातांना आतलं कळत नाही. फुलबॅक मागे एकटा उभा, त्याला नकाशा दिसतो पण रेटा कळत नाही. विंगरला पावसात कुडकुडत बॉलची वाट पाहिलेली आठवते. तुमचा सामना पंधरा तुकड्यांत पंधरा घरी पडून आहे, आणि त्यातला एक तुकडा चैत्रात गेला. तुमचा फुलबॅकशी वाद होतो तो दोघांकडे वेगवेगळे तुकडे आहेत म्हणून.

त्या ९–६ आणि १०–६ कडे मी हिशेब म्हणून पाहिलं, तर मला त्यात भांडण दिसलंच नाही. तुमचे गुण एक ट्राय, त्यानंतरची किक म्हणजे कन्व्हर्जन आणि एक पेनल्टी किक असे झाले असतील, तर कन्व्हर्जनचे २ आणि पेनल्टीचे ३ धरून ५ होतात. उरतो ट्राय. तो ४ गुणांचा धरला तर ९, ५ गुणांचा धरला तर १०. आणि ट्राय खरोखरच आधी ४ गुणांचा होता. १९७१ पासून तो ४ होता, १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांत तो ५ झाला. तुम्ही खेळायला लागलात तेव्हा चारांचीच सवय. तुमच्या डोक्यात ९ राहिले, त्याच्या डोक्यात १०. दोघांनाही तोच सामना आठवतोय.

कोण बरोबर, तेही काढता येईल. साल ठरवा. मुंबईकरांना त्या दोन वर्षांचं साल ठरवायला डायरी लागत नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगली, १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट. सामना त्याच्या आधीचा की नंतरचा, एवढंच सगळ्यांना विचारा. त्या दिवशी मैदानावर कोण येऊ शकलं नव्हतं, कोणाच्या घरचे एकट्याला व्हीटीवरून जाऊ देत नव्हते, कोण गावी निघून गेलं होतं ते परत आलं नव्हतं, असं काहीतरी कोणाला तरी आठवेलच. लातूरचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. त्याच्या किती आधी, तेही सांगता येईल. पावसाळा ९३ चा निघाला तर ट्राय ५ चाच होता आणि फुलबॅक बरोबर. मग ग्रुपवर तसं स्वच्छ लिहा आणि निघून गेलेल्या दोघांना स्वतः फोन करून परत आणा. ९२ चा निघाला तर मात्र पंचाने नवा नियम लावला होता की जुना, हे पलटणीकडच्या एखाद्या खेळाडूला गाठून विचारावं लागेल. गाठाच. तुमच्या सामन्याचे आणखी पंधरा तुकडे त्यांच्याकडे आहेत, आणि हरलेल्या संघाला सामने जास्त बारकाईने आठवतात.

हे सगळं कोणीतरी लिहून ठेवायला हवं आणि ते तुम्ही करा. बँकेतल्या माणसाला नोंदी ठेवायची सवय असते. ग्रुपवर नको, ग्रुपवर एकाने लिहिलं की बाकीच्यांची आठवण त्याच्या मागे जाते. एकेकाला वेगळा फोन करा, फोनवर रेकॉर्ड करा, आणि प्रत्येकाला एकच विचारा : त्या दिवशी तू उभा होतास तिथून काय दिसलं? एक नंबरपासून पंधरापर्यंत क्रमाने जा. दोन नंबरच्या जागी तुम्ही आणि एक नंबर, दोघांनी मिळून बोला. आणि जुना टीम फोटो कोणाकडे असेल तर त्यामागे पेन्सिलने सगळ्यांची नावं लिहून टाका, आत्ताच. आणखी दहा वर्षांनी मागच्या रांगेतल्या एखाद्याचं नाव कोणालाच सांगता यायचं नाही.

आठवणींत अडकलोय का, असं विचारलंत. मला तसं वाटत नाही. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाकडे पुढे आयुष्यभर सर्वांत दाट राहतात, हे मानसशास्त्रात अनेकदा तपासून झालेलं आहे. पहिली नोकरी, पहिली मैत्री, पहिलं काहीही त्याच वर्षांत घडतं. तुमच्या बाबतीत तिथे रग्बी आहे. लालबाग-परळमध्ये ज्यांचं तारुण्य कबड्डीच्या संघात गेलं, त्यांच्या घरून मला अशीच पत्रं येतात, फक्त ती बायकांची असतात.

तेव्हा बायकोच्या "झालं सुरू!" विषयी. तिने तो सामना इतक्या वेळा ऐकलाय की तिला तो तुमच्याइतकाच पाठ असेल. तिला स्कोअरमध्ये रस का असावा? पण सामन्याला जायला बसचे पैसे कोण द्यायचं, आई ओरडायची का, पाऊस कोसळत असताना ओल्या कपड्यांत घरी कसे यायचात, चाळीतले लोक काय म्हणायचे, हे तुम्ही तिला कधी सांगितलंत का? मला शंका आहे. खेळणारे लोक सामना सांगतात, सामन्याच्या आजूबाजूचं आयुष्य गाळतात. तिचं ज्या माणसाशी लग्न झालं तो तिथे घडला, मैदानाच्या आजूबाजूला. दुसरं असं की तुमच्या एवढ्या पत्रात ती तिच्या तरुणपणी काय खेळायची, याबद्दल एक अक्षर नाही. खो-खो, लंगडी, लेझीम, गाणं, काही तरी असेलच. विचारा. आणि ती सांगेल तेव्हा मध्येच कुलाब्याला जाऊ नका.

मुलाचं म्हणणं खरं आहे, त्याच्यावर रागावू नका. अंधेरीच्या क्रीडासंकुलात त्याने पाहिलं ते सात जणांचं रग्बी. ऑलिंपिकमध्येही २०१६ च्या रिओपासून तेच आहे. त्यात स्क्रम तिघांचा लागतो, बॉल झटक्यात बाहेर येतो, आणि सगळे धावण्यासाठी बनलेले असतात. तुमच्या काळचा, जाडजूड मानेचा, रेटा सहन करणारा प्रॉप त्यात कसा दिसणार? पंधरा जणांच्या रग्बीत आठ जण बांधले जातात आणि सामना ८० मिनिटांचा असतो. त्याला पंधरा जणांचा एखादा आंतरराष्ट्रीय सामना लावून द्या आणि पहिला स्क्रम लागला की म्हणा, तीन नंबरकडे बघ. बाकी काही समजावू नका. आणि मुंबईत हा खेळ पावसाळ्यात का खेळतात, तेही त्याला बहुधा माहीत नसेल. हिवाळ्यात मैदानं क्रिकेटची, आणि शिवाय कोरडी जमीन इतकी कडक की पडलं तर हाडच मोडायचं. आझाद मैदानाला लागून बॉम्बे जिमखान्याचं मैदान आहे, तिथे १९३३ च्या डिसेंबरमध्ये भारतातली पहिली क्रिकेट कसोटी झाली, हे त्याने शाळेत कधीतरी वाचलं असेल. त्याच मैदानावर पाऊस लागला की रग्बी सुरू होतं. फॅशन स्ट्रीटला शर्ट घ्यायला तो किती वेळा गेला असेल. एकदा जुलै-ऑगस्टमध्ये तिकडून जाताना त्याला घेऊन जरा थांबा.

आता सामना. तुमच्या बायकोच्या विरोधामागचं कारण तुमच्याच पत्रात आहे. तुमच्याच वयाचा, तुमच्याच शेजारी उभा राहणारा माणूस चैत्रात हार्ट अटॅकने गेला, आणि येत्या जुलैत तुम्ही मैदानात उतरायचं म्हणताय. ती रग्बीला विरोध करत नाहीये. ती घाबरलीय, आणि तिने तसं म्हटलं नसेल तर तुम्ही म्हणा. तिला बरोबर घेऊन डॉक्टरकडे जा. बीपी, साखर, ईसीजी आणि डॉक्टर म्हणतील तर स्ट्रेस टेस्ट. मानेचंही विचारा, इतकी वर्षं तीन नंबरला काढलेल्या माणसाच्या मणक्यांची झीज होऊ शकते, हातात मुंग्या येत असतील तर ते लपवू नका. रिपोर्ट तिच्यासमोर वाचा.

रिपोर्ट चांगले आले तरी जुन्या पद्धतीने खेळू नका. तुमच्या वेळी दोन्ही बाजू अंतर ठेवून उभ्या राहायच्या आणि धडकायच्या. पुढे मानेच्या दुखापती टाळण्यासाठी हा भाग पुन्हा पुन्हा बदलला. २०१३ पासून पंच "क्राउच, बाइंड, सेट" म्हणतो आणि धडकण्याआधीच प्रॉपनी एकमेकांना धरलेलं असतं. टॅकलची, म्हणजे समोरच्याला धरून पाडण्याची, उंची, डोक्याला मार बसल्यावर बाहेर काढणं, सगळं कडक झालंय. तुमच्यातल्या कोणालाही या नव्या पद्धतीचा सराव नसणार, आणि अंगात मात्र जुनी सवय असेल. तीच धोक्याची. पन्नाशीच्या पुढच्या माणसांनी न ढकलता स्क्रम लावायचा, बॉल ज्याचा त्याला द्यायचा आणि पुढे जायचं. याहून बरं म्हणजे टच रग्बी. हात लावला की टॅकल झाला. जपानमध्ये चाळिशीपुढच्यांसाठी १९४८ पासून क्लब आहे, फुवाकु नावाचा. तिथे वयाप्रमाणे चड्डीचा रंग ठरतो, साठीला लाल, सत्तरीला पिवळा, ऐंशीला जांभळा, म्हणजे समोरच्याकडे बघूनच कळतं की याला किती जोराने भिडायचं. तुम्हीही जमल्यावर आधी असं काही ठरवून घ्या, तोंडी नको, कागदावर. ज्याला शुगर आहे, ज्याचा गुडघा गेलाय, त्याने झेंडा घेऊन रेषेवर उभं राहायचं. बिगर खेळाडूंपैकी एखादा डॉक्टर असेल तर त्याला मैदानाकडेलाच बसवा.

आणि हे मुंबईच्या पावसाळ्याचं : धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ठेवा, खेळून झाल्यावर खरचटलेलं सगळं साबणाने धुवा, आणि तुंबलेल्या पाण्यातून चालत घरी येऊ नका. उघड्या जखमेतून लेप्टो होतो. पुढच्या महिनाभरात केव्हाही ताप आला, पोटऱ्या दुखल्या तर अंगदुखी म्हणून घरी झोपू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि चिखलात खेळलो होतो हे सांगा.

सामना संपल्यावर दोन रांगा करून समोरच्या संघाला टाळ्या वाजवत मधून जाऊ द्यायची रीत तुम्ही पाळत असालच. ती तेवढी मोडू नका. मुलाला तेच पाहू दे.

राहिले पैसे. ते पार्टीत घालवायचं मला पटत नाही. बंद पडलेल्या क्लबच्या शिल्लक पैशांची सगळ्यात मोठी गोष्ट आपल्याच देशातली आहे. कलकत्त्यात १८७३ मध्ये इंग्रजांनी रग्बीचा क्लब काढला. पाचच वर्षांत सभासद पोलो आणि टेनिसकडे वळले आणि क्लब चालेना. तेव्हा खात्यातली शिल्लक त्यांनी चांदीच्या रुपयांत काढून घेतली, २७० रुपये, ते वितळवले आणि त्याचा कप करवला. मुठींच्या जागी नाग आणि झाकणावर हत्ती. तो कप त्यांनी इंग्लंडच्या रग्बी संघटनेला देऊन टाकला. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्याच कलकत्ता कपसाठी खेळतात, अजूनही. क्लब पाच वर्षं टिकला आणि त्याचे पैसे दीडशे वर्षांच्या आसपास टिकलेत.

तुमची रक्कम छोटी असेल. तरी खजिनदाराकडून आधी आकडा मागवा, व्याजासकट. कुलाब्याच्या वस्त्यांत आज जी मुलं-मुली हा खेळ खेळताहेत त्यांना काय हवंय ते त्यांच्या प्रशिक्षकांना विचारा. दात सांभाळणारे माउथगार्ड लागतात, बॉल लागतात, बूट लागतात आणि लहान मुलांचे बूट वर्षाला लहान होतात. मुली म्हणते ते उगाच नाही. पुण्याच्या वाहबिज भरुचाने भारताचं कर्णधारपद केलंय, आणि २०१९ च्या जूनमध्ये फिलिपिन्समध्ये भारताच्या मुलींनी सिंगापूरला २१–१९ हरवलं, तो पंधरा जणींच्या रग्बीत त्यांचा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. अशी एखादी मुलगी तुमच्या त्या कोळीवाड्यातून निघायला काहीच हरकत नाही. पार्टीला वर्गणी काढा, खिशातून.

मात्र हा निर्णय तुम्ही चौदा जणांनी परस्पर घेऊ नका. त्या पैशांत पंधरावा वाटा हुकरचा आहे. तुम्ही रविवारी जाल तेव्हा त्याच्या मुलीला हेही सांगा, आणि जुलैत जिथे बसून ठरवाल तिथे तिला बोलवा.